आजोबांचा ट्रक

आजोबांनी १९६४ साली घेतलेला टाटा-मर्सिडीज ट्रक डिचोलीच्या खाणीवरून मांडवीच्या धक्क्यावर खनिज वाही. १९६९ साली जर्मन करार संपला, नव्या गाड्यांवरचा तारा गेला. आमच्या गाडीवर तो राहिला.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. बाबांनी दोन्ही टिपर विकले. फोंड्याच्या मांगरातला हा ट्रक मात्र भंगारात दिला नाही.

यंदा दसऱ्याआधी त्याची दुरुस्ती पुरी झाली. दाराच्या आतल्या अंगाला आजोबांनी खिळ्याने ओढलेल्या खेपांच्या रेघा होत्या. रंगारी त्यांवर पुट्टी भरू लागला, तेव्हा बाबा म्हणाले, "तो हिशेब राहू दे."

पूजा झाली. मी चावी बाबांपुढे धरली. ते मुकाट्याने पलीकडे, लहानपणच्या आपल्या क्लीनरच्या जागेवर जाऊन बसले.