न मागता मिळालेली भाकरी

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला झाला. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं. तो मिळायला आणखी आठेक वर्षं गेली.

एवढी विदुषी, बायबल वाचलेली. मग घोडं अडलं कुठं? मला वाटतं, फुकट घेण्यापाशी. पापाची किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर चुकती केली, माणसाने विश्वास ठेवून पदर पसरायचा, की तारण. इफिसकरांच्या पत्रात तर ते देवाचं दान म्हटलंय, कर्माचं फळ नव्हे. फुशारकीला जागाच नाही.

रमाबाई वाढल्या त्या घरात सगळं कमवायचं होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुराणं सांगत तीर्थामागून तीर्थ हिंडले. दुष्काळात उपास, स्नानं, जप चालूच. गाठीचा पैसा दानधर्मात संपला. वडील गेले, मग आई, बहीणही. आजारी आईला बाजरीच्या भाकरीची वासना झाली, तेव्हा रमा एका ब्राह्मण बाईच्या दारी गेली. लाजेने जीभच उचलेना. तिचा चेहरा बघून त्या बाईने आपणहून विचारलं, भाकरी दिली. आईला ती खाववली नाही. मागणं जिच्या इतकं जिवावर आलं, तिला देवापुढे रित्या हातांनी उभं राहणं सोपं गेलं नसणार.

नुसत्या विश्वासावर सुटका होत असेल, तर चांगलं वागायचं कशाला? याकोबाचं पत्र कृतीवाचूनच्या विश्वासाला मेलेला म्हणतं, आणि ल्यूथरला ते कधी फारसं रुचलं नाही. माझ्यापुरता हा वाद रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात मिटतो. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य भारतातून शेकडो मुली आणि विधवा तिथे आणल्या. तारण पदरात पडलेलंच होतं. पुण्य जोडायचं नव्हतं, म्हणूनच कदाचित त्या एवढ्या राबल्या.

टोचते ती आई. लेकीला संस्कृत शिकवणाऱ्या लक्ष्मीबाई ख्रिस्ती न होताच गेल्या. कृपा कर्म बघत नाही, तर मग बाप्तिस्म्याची वही तरी का बघेल? कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली हे दार किलकिलं केलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देव शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. काही मंडळ्यांना हे अजून मान्य नाही. मी मात्र त्या तीर्थांच्या वाटा शोधातच धरीन.