डोक्याला लागलेला चेंडू

सत्तरच्या दशकात शिवाजी पार्कवर सीझन बॉलनं खेळणाऱ्या पोराच्या डोक्यावर फार तर पांढरी टोपी असायची, तीही उन्हासाठी. क्लबच्या किटमध्ये सगळ्यांत मिळून पॅडचे दोन-तीन जोड, बोटं उसवलेले ग्लव्ह्ज आणि एक गार्ड. पावसाळ्यात कांगा लीग सुरू झाली की विकेट उघडी आणि ओली. एकाच टप्प्यावरून एक चेंडू घोट्याशी सरपटायचा, दुसरा कानशिलाशी उसळायचा. या विकेटवर जो टिकला तो जगात कुठंही टिकेल, असं जाणती माणसं म्हणत, आणि ते खरंच होतं.

डोक्याला लागलं की सगळे गोळा व्हायचे. कुणीतरी बादलीतलं पाणी टाळूवर ओतायचं, नाकासमोर दोन बोटं धरायचं आणि ‘किती?’ विचारायचं. उत्तर बरोबर आलं की टाळ्या, आणि बॅट परत हातात. घरी गेल्यावर टेंगळावर आंबेहळदीचा लेप. रात्री उलटी झालीच तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून आई पन्हं करून द्यायची. त्या माउल्यांचा किंवा त्या कप्तानांचा यात काही दोष नव्हता. मुका मार म्हणजे बाहेरून दिसेल तेवढाच, हीच तेव्हाची समजूत.

आमच्या पिढीच्या क्रिकेटच्या लाडक्या आठवणीही अशा माराच्याच आहेत. 1976 चं किंग्स्टन: होल्डिंगचा चेंडू कानावर बसेपर्यंत 81 धावा काढून उभा राहिलेला अंशुमन गायकवाड. 1983 चं जॉर्जटाउन: मार्शलचा चेंडू कपाळावर झेलून तसाच खेळत राहिलेला आणि नाबाद 147 करणारा सुनील गावसकर. आणि सगळ्यांत जवळचा, आमच्या पार्कातला संदीप पाटील. 1981 चा जानेवारी, सिडनी. ऑस्ट्रेलियातली कसोटी म्हणजे भल्या पहाटे उठून, घरचे जागे होऊ नयेत म्हणून ट्रान्झिस्टर उशीखाली धरायचा. पाटील 65 वर असताना लेन पास्कोचा चेंडू डोक्याला बसला आणि तो जागीच कोसळला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तरी दुसऱ्या डावात तो बॅटिंगला उतरला, आणि पुढच्याच कसोटीत ॲडलेडला त्यानं 174 धावा कुटल्या. त्या 174 धावांनी दादरची कॉलर ताठ झाली होती. त्यातली एकही धाव मला आज कमी करायची नाही. पण ‘दुसऱ्या डावात तो उतरला’ हे वाक्य, जे तेव्हा आम्ही अभिमानानं सांगायचो, ते आज उच्चारताना पोटात खड्डा पडतो.

आमच्या वडिलांच्या पिढीची आठवण याहून भीषण. मार्च 1962, ब्रिजटाउन. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या उजव्या कानाच्या वर लागला आणि कवटी फुटली. वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेल रक्त द्यायला धावला. आपले बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर यांनीही दिलं. 28 वर्षांचा भारताचा कप्तान वाचला, पण पुन्हा कसोटी खेळू शकला नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी त्यांनी जवळपास साठ वर्षं वागवली. 2022 साली मुंबईत ती काढण्यात आली.

त्याच ब्रिजटाउनच्या मैदानावर सोळा वर्षांनी, 1978 च्या मार्चमध्ये, ग्रॅहम यालप हा ऑस्ट्रेलियन हेल्मेट घालून कसोटी खेळायला उतरला. कसोटीतलं ते पहिलं हेल्मेट, आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आज तसंच हेल्मेट चेंबूरच्या नेट्समधल्या आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर दिसतं आणि मला मनापासून बरं वाटतं.

मात्र हेल्मेट कवटी वाचवतं. मेंदू आतल्या पाण्यात तरंगत असतो; चेंडू आदळला की तो आतल्या आत हिंदकळतो. मडकं फुटलं नाही म्हणून आतलं दही हललं नाही, असं होत नसतं. बेशुद्ध न पडताही मेंदूला धक्का बसलेला असू शकतो, आणि त्याची लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेपाशी बसला. तो तपासण्या पास झाला, परत येऊन 92 पर्यंत खेळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास जाणवू लागला. त्याच महिन्यात मेंदूला धक्का बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू देण्याचा आयसीसीचा नवा नियम लागू झाला होता, त्यामुळे मार्नस लाबुशेन त्याच्या जागी पूर्ण खेळाडू म्हणून उतरला. स्मिथ पुढची कसोटीही खेळला नाही आणि त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही. त्या जागी मला 1981 चा सिडनीचा दुसरा डाव दिसतो.

हा नियम सहज आलेला नाही. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीलाच फिल ह्यूज नाबाद 63 वर असताना चेंडू हेल्मेटखाली मानेवर लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. 25 वर्षांचा होता. त्यानंतर हेल्मेटला मागं मानेचं संरक्षण आलं. आता मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं की किमान सात दिवस मैदानाबाहेर, असं आयसीसीनं 2025 मध्ये ठरवलं.

माझ्या मते खरा धोका वारंवारच्या मारात आहे. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर ठोशांचा काय परिणाम होतो, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरनं 1928 सालीच लिहून ठेवलं होतं. क्रिकेटला ते पटायला नव्वद वर्षं लागली. 2021 च्या जानेवारीत सिडनीला भारताविरुद्ध पदार्पणात 62 धावा करणारा विल पुकोव्हस्की आठवतो? पुन्हा पुन्हा डोक्याला मार बसत गेला आणि 2025 मध्ये, अवघ्या 27 व्या वर्षी, त्यानं खेळ सोडला. ती एकच कसोटी त्याच्या नावावर राहिली. असा निर्णय घेता येणं, आणि तो घेऊ देणारे डॉक्टर भोवती असणं, हे आमच्या वेळी नव्हतं.

पण हे सगळं टीव्हीवरच्या क्रिकेटचं. मुंबईच्या मैदानांवर अजूनही एका सामन्याचा लाँग ऑन दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीला पाठ करून उभा असतो. 2024 च्या जानेवारीत माटुंग्याच्या दडकर मैदानावर असाच उभा असलेला एक मध्यमवयीन क्षेत्ररक्षक शेजारच्या सामन्यातला चेंडू कानामागं लागून गेला. तिथं राखीव डॉक्टर कुठून असणार? बादली, पाणी आणि ‘बोटं किती?’ मात्र शाबूत आहे.

आपल्या मुला-नातवंडांना कोचिंगला पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. डोक्याला चेंडू लागला तर हेल्मेटला तडा गेला नसला तरी त्या दिवशी पुन्हा बॅटिंग नाही, हे कोचकडून आधीच कबूल करून घ्या. त्या रात्री मुलाला एकटं झोपवू नका. डोकं दुखतंय, उलटी झाली, बोलण्यात गोंधळ होतोय, तर पन्हं करत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आणि मार लागलेलं हेल्मेट परत वापरू नका, नवं आणा.