पाव फेरा

परळच्या चाळींत मजल्यागणिक एक तरी फिटर असायचा. कोणी गिरणीत, कोणी रेल्वेत. आमच्या शेजारचे काका परळ वर्कशॉपातले. जीआयपी रेल्वेने 1879 साली उभारलेला हा कारखाना. दिवसभर इंजिनं उघडणारा हा माणूस संध्याकाळी कुणाच्या शिलाई मशीनचा बारीकसा स्क्रूही तितक्याच मन लावून बसवायचा.

आधी स्क्रू भोकावर ठेवून हलकेच उलटा फिरवायचा. बोटाला ‘टक्’ असं जाणवलं की आट्यात आटा उतरला, तिथून सुलटा. डोकं टेकेपर्यंत नुसती बोटं. मग पेचकस, आणि मग जेमतेम पाव फेरा.

“जोर नको लावूस, बाळा. टेकला ना? आता सांभाळून.”

त्या पाव फेऱ्यातच सगळं असतं. डोकं टेकल्यावर स्क्रूची दांडी किंचित ताणली जाते आणि आखडू पाहणारं पोलाद दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतं. ताण कमी पडला तर थरथरीने स्क्रू सुटतो. गिरणीच्या रिंग खात्यात चात्या मिनिटाला हजारो फेरे घेत. तिथे ही थरथर पाळीभर थांबत नसे. ताण जास्त झाला तर आटे जातात, नाहीतर स्क्रू मानेशी तुटतो. चार मिलिमीटरच्या, 8.8 दर्जाच्या पोलादी स्क्रूला साधारण 3 न्यूटन-मीटर पुरतात. वीतभर पान्याच्या टोकाला सव्वा-दीड किलो वजन टांगावं, एवढंच. त्यातलाही नव्वद टक्क्यांच्या आसपास जोर घर्षणातच जातो. म्हणून तेल लागलेला स्क्रू तेवढ्याच जोराला जास्त ताणला जातो. काका तेलकट स्क्रू आधी फडक्याने पुसून घेत, ते उगाच नव्हे.

याच परळात 1926 पासून केईएम रुग्णालय आहे. मोडलेल्या हाडावर धातूची पट्टी बसवायला अस्थिशल्यचिकित्सक साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू वापरतात. पट्टीतच आटे धरणाऱ्या स्क्रूसाठी दीड न्यूटन-मीटरला आपोआप सुटणारा पेचकस मिळतो. साध्या स्क्रूचे आटे मात्र हाडातच बसतात आणि म्हातारं, ठिसूळ हाड फारसा विरोध करत नाही. अंमळ जास्त फिरलं की आट्यांचा भुगा होतो. त्या भोकात तो स्क्रू पुन्हा धरत नाही. म्हणून तिथे पेचकस मुठीत नाही, दोन-तीन बोटांत धरतात. वर्कशॉप आणि ऑपरेशन थिएटर यांच्यातलं हे नातं मला परळचं खरं वैभव वाटतं.

मोजून आवळणारी हत्यारं आता सगळीकडे आहेत आणि ती हवीतच. तरी शिकाऊ पोरांच्या हातात ती देण्याआधी काका करायचे तेच करावं: भंगारातला स्क्रू द्यावा आणि तुटेपर्यंत आवळायला सांगावं. तुटण्याच्या जरा आधी विरोध वाढायचा थांबतो आणि पेचकस लोण्यात फिरल्यासारखा मऊ जातो. तो मऊपणा बोटांना एकदा कळला की त्याच्या बऱ्याच अलीकडे हात थांबायला शिकतो.