मोंपेलियेत चार दिवस

निघताना ताईने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. मेतकुटाची पुडी फुटू द्यायची नाही. आणि पोरगा वेळेवर जेवतो का, रात्रीचा कुठे भटकतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यायचे. त्यामुळे दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिये या विद्यापीठनगरीत मी उतरलो तो प्रवासी म्हणून कमी आणि ताईचा हेर म्हणून अधिक.

हेराची पहिली फजिती भुकेने केली. दुपारचे साडेतीन वाजलेले, भाचा वर्गात. चार ठिकाणी विचारले. खुर्च्या होत्या, माणसे होती, पण चूल विझलेली! इथे दुपारचे जेवण बारा ते दोन, रात्रीचे सातनंतर. मधल्या वेळेला कॉफीवर भागवायचे. अखेर हातभर लांबीचा पाव घेऊन कोमेदी चौकात मोडून खाल्ला. चौक लंबगोल, म्हणून गावकरी त्याला ‘अंडे’ म्हणतात. एका टोकाला १८८८ सालचे ऑपेरागृह, पुढे तीन देवतांचे कारंजे आणि भोवती खुर्च्याच खुर्च्या. वाटीएवढ्या कॉफीवर माणसे तास-तास बसतात. टेबलावर फडके मारून गिऱ्हाइकाला उठवण्याची आपली कला इथवर पोचलेली दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने गाव दाखवले. ट्राम २०२३च्या डिसेंबरपासून रहिवाशांना फुकट आहे. तो ऐटीत चढला, मामाने तिकीट काढले. इथल्या वैद्यकशाळेचे नियम १२२० सालचे, विद्यापीठाची सनद १२८९ची. विनोदाचा बादशहा राब्ले १५३० मध्ये इथेच वैद्यकी शिकायला आला. मला मात्र जवळचा वाटला तो क्लुसियस. गार्सिया द ओर्ताचा वनस्पतींवरचा पोर्तुगीज ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला, त्यात आपला आंबा आहे, फणस आहे. चारच वर्षांत तो संक्षेपाने लॅटिनमध्ये नेला या क्लुसियसने, आणि तो शिकला मोंपेलियेत!

मंडईत बूझिगची कालवे मांडलेली होती. मी रत्नागिरीचा, कालवे पाहून हुरळलो. पण ही मंडळी ती कच्चीच, लिंबू पिळून गिळतात. एक गिळले. समुद्राचा घोटच तो! कांदा-खोबऱ्याची आठवण काढीत दुसरे नाकारले. ताईसाठी ‘ग्रिझेत’ घेतल्या, मध आणि ज्येष्ठमधाच्या इवल्या काळ्या गोळ्या. पॉलिगॉन नावाचा मोठा बाजारही पाहिला. तो कुठल्याही मॉलसारखा, म्हणून सोडून देतो.

तिसऱ्या दिवशी फाब्र संग्रहालयात कूर्बेचे १८५४ सालचे चित्र पाहिले. पाठीवर सामान बांधलेला चित्रकार ताठ मानेने उभा आहे आणि त्याचा धनिक आश्रयदाता ब्रुयास टोपी काढून त्याचे स्वागत करतो आहे. मी रेंगाळलो, भाचा घड्याळ पाहू लागला. “मामा, अभ्यासिकेत जायचंय.” रोज संध्याकाळी हेच. माझ्यातला हेर जागा झाला.

रात्री एकटाच जाँ-जोरेस चौकात गेलो. मध्ये जोरेसचा पुतळा, भोवती पेले, हशा, गाणी, सारे विद्यार्थीच. प्रत्येक टेबलावर मी भाचा शोधत होतो. तो सापडला मागच्या बोळात. भटारखान्याच्या दारातून रिकाम्या बाटल्यांची पेटी घेऊन तो बाहेर आला, कमरेला ओले फडके गुंडाळलेले. घरी ज्याने स्वतःचे ताट कधी उचलले नाही, तो इथे शंभर जणांची उष्टी विसळत होता.

मला पाहून आधी दचकला, मग पेटी नीट खाली ठेवली.

“आईला सांगू नकोस. घर गहाण टाकून पाठवलंय तिनं. हे ऐकलं तर अन्न गोड लागायचं नाही तिला.”

परदेशी विद्यार्थ्याला इथे वर्षाला ९६४ तास काम करता येते. तो वहीत तासांचा हिशेब ठेवतो. गिऱ्हाईक गेल्यावर आचाऱ्यांच्या पंगतीत मलाही बसवले. गरम रस्सा, पाव आणि साध्या पाण्याची सुरई. साडेअकरा वाजले होते. ताईची पुडी त्याने खिशातून काढली आणि चिमूट-चिमूट मेतकूट सगळ्यांना वाढले.

सकाळी ताईचा फोन आला.

“जेवतो ना रे?”

“जेवतो. चार जणांत बसून, गरम जेवतो.”

“आणि रात्रीचा कुठे असतो?”

भाचा समोरच उभा होता. गरम पाण्याने त्याची बोटे सुरकुतली होती. मी फोन त्याच्या हातात दिला.