भिंतीतली तार

भिंतींना कान असतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हल्लीच्या भिंतींना शिराही असतात. पण त्यांतली एखादी तुटेपर्यंत आपल्याला त्यांचा पत्ता नसतो!

गेल्या वर्षी वडील गेले. दिवसभर घरात आई एकटी, म्हणून दाराला चोरघंटा बसवून घेतली. दाराच्या फळीवर एक लोहचुंबक आणि चौकटीवर काचेच्या इवल्या नळीत दोन पातळ पट्ट्या. दार लागले की पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि तारेतून बेताचा प्रवाह वाहत राहतो. तो खंडला की घंटा वाजते. विजेच्या चोरघंटेचे पेटंट अमेरिकेत १८५३ साली ऑगस्टस पोप या धर्मोपदेशकाने घेतले. पापपुण्य सांगणाऱ्याचाच माणसाच्या सद्बुद्धीवर एवढा बेताचा भरवसा असावा, याची मला मोठी गंमत वाटते.

सारे ठीक असल्याचे ही घंटा गप्प राहून सांगते. रात्री पलीकडच्या खोलीतले आईचे घोरणे थांबले की मला एकदम जाग येते, त्यातलाच हा प्रकार!

दिवाळीच्या साफसफाईत मात्र तिने हट्टच धरला. दार घट्ट लावले तरी तिच्या मते ते उघडेच! वायरमन आला, तो माझा जुना विद्यार्थी. त्याने आधी वीज तोडली, पेटीतली बॅटरीही सोडवली. मग दाराकडची तारेची दोन्ही टोके एकत्र पिळून पेटीकडच्या टोकांना मीटर लावला. मीटर मुकाच.

"सर, दाराचा काही दोष नाही. तार भिंतीत तुटलीय."

आम्हा दोघांचीही नजर वडिलांच्या तसबिरीकडे गेली. सुताराने ठोकलेला खिळा नेमका तारेवर बसला होता.

"तसबीर दुसरीकडे नको हं," आई म्हणाली. "पडल्या पडल्या मान वळवली की दिसते मला." आणि तसबीर मांडीवर घेऊन बसली.

तार नळीतून नेलेली असती, तर जुनीला नवी बांधून ओढून घेता आली असती. पण बसवणाऱ्याने ती तशीच गिलाव्यात गाडली होती. मग वीतभर गिलावा छिन्नीने काढला, तुटलेली टोके सोलून पिळली, डाख दिला आणि वर आवरणाची नळी चढवली. जोड पुन्हा गाडायचा नाही, म्हणून तिथे झाकणाची डबी बसवली. खिळा चार बोटे वर ठोकला आणि दोरी तेवढीच सैल सोडली. तसबीर जागच्या जागी आली. डबी तिच्याआड गेली.

"मागे काय बसवलंत रे?" आईने विचारले.

"तारेचा जोड आहे, आई."

"बरं झालं. ह्यांचं लक्ष राहील."

रात्री सगळे निजल्यावर दाराची कडी पाहून येण्याचे काम आमच्या घरात जन्मभर वडिलांचेच होते.