आमच्या फियाटचा पाळणा

"रोटिसरी" हा शब्द मी पहिल्यांदा बाबांसमोर काढला तेव्हा ते म्हणाले, "ते तर कोंबडी भाजाचं असते न?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन टोकांना आधार, मधे सळई आणि गोल फिरवत राहायचं. फक्त आमच्या सळईवर १९७२ सालची फियाट चढणार होती.

गाडी बाबांची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० डिलाइट. हीच गाडी पुढे 'पद्मिनी' झाली. पांढुर्ण्याच्या बाजारात, सोयऱ्यांच्या लग्नात आणि शनिवारी जामसावळीच्या हनुमंताला आम्ही तिच्यातूनच जायचो. आई गेल्यावर ती गोठ्याशेजारी उभी राहिली ती राहिलीच. मी निवृत्त होऊन घरी आलो तेव्हा बाबा ८२ वर्षांचे होते. म्हणाले, "मी हाय तोवर एकदा चालू कर."

इंजिनाची चिंता नव्हती. खरं दुखणं खाली होतं. जीपसारखी या गाडीला वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या हाच तिचा कणा, आणि तोच गंजला होता. गाडीखाली उताणं पडून वेल्डिंग केलं तर ठिणग्या तोंडावर येतात, वितळलेलं लोखंड खाली ओघळतं आणि जोड कच्चा राहतो. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे टायर टाकून गाडी कुशीवर करायची. मी लहानपणी एक गाडी तशी केलेली पाहिली होती. नंतर तिची दारं कधी नीट लागली नाहीत.

तयार रोटिसरी बाहेरून मागवायची तर खर्च गाडीच्या किमतीला भिडत होता. मग सौंसरला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. वहीतलं चित्र पाहून ते म्हणाले, "भाऊ, हा तं पाळणा हाय!" तेच नाव पडलं.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची गोटमार आटोपली आणि काम सुरू झालं. इंजिन, गिअरबॉक्स, पेट्रोलची टाकी, काचा, दारं, सगळं उतरवलं. पत्रा कापण्याआधी दारांच्या मोकळ्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड केल्या, म्हणजे सांगाडा वाकणार नाही. मग चॅनलचे दोन खांब, खाली चाकं आणि दोघांना जोडणारा लांब दांडा. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर नळीत नळी, सैल फिरणारी. बंपर बसतात त्या बोल्टांना सांगाडा बांधला. फिरवून थांबवण्यासाठी एका टोकाला भोकं असलेली गोल तबकडी आणि त्यात घालायला जाड पिन.

पहिल्याच दिवशी मी घाई केली. मिस्त्री चहाला गेले होते आणि मी पिन काढली. सांगाडा क्षणभर थांबला आणि गर्रकन उलटा झाला. छताची कड माझ्या मनगटाला चाटून गेली. बाबा दोन हातांवर उभे होते.

मिस्त्री आले, रागावले, मग जमिनीवर बसून समजावू लागले. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळते न, तसंच हे. फिरण्याचा आस गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा खाली राहिला होता, म्हणून वरचा भार खाली यायला पाहत होता. आस फार वर गेला असता तर सांगाडा सारखा सरळ व्हायला ओढला असता आणि फिरवताना दम निघाला असता. त्यांनी जोडपट्ट्यांना एकाखाली एक भोकं पाडली आणि सांगाडा चार बोटं खाली घेतला. पुन्हा पिन काढली. या वेळी तो जिथे सोडला तिथेच राहिला. मग बाबांनी एका हाताने फिरवला.

आपल्यापैकी कुणी हे करणार असेल तर एवढंच सांगतो: भोकं आधीच जास्त पाडा आणि तोल जुळेपर्यंत दोरखंड सोडू नका.

दुसऱ्या दिवसापासून बाबा खुर्ची टाकून बसायचे. गाडीचं पोट त्यांच्या छातीसमोर. तारेच्या ब्रशने माती, डांबर, गंज खरवडायचे. इतकी वर्षं गाडी चालवली, पण तिचा तळ असा समोर कधी आला नव्हता.

एका दुपारी हात थांबला. पुढच्या डाव्या बाजूला, डांबराच्या थराखाली, तळहाताएवढं भोक होतं. आई तिथेच बसायची. पावसाळ्यात जामसावळीला जाताना ती पाय वर घेऊन बसे. "पाणी येते हो खालून," म्हणायची. बाबा म्हणायचे, "तुझे नखरे." वरून रबराची चटई होती, ती कुणी उचललीच नाही.

बाबा बराच वेळ त्या भोकात बोट घालून बसले. मी काही बोललो नाही. शेवटी म्हणाले, "खरंच येत होतं रे पाणी."

आता तळ नवा झाला आहे. रंग बाकी आहे. पाळणा मिस्त्रींकडेच ठेवला. एक जुनी ॲम्बेसेडर त्यावर चढायची आहे. डाव्या बाजूचा पत्रा जोडायच्या दिवशी बाबा सकाळीच सौंसरला येऊन बसले होते.

"मिस्त्री," ते म्हणाले, "इथं जरा जाड लावजा."