निनांवी मंडळी

शेवट ठाऊक असलेली गोष्ट पुन्हां ऐकण्यांत आपल्या लोकांस कधीं कमीपणा वाटला नाहीं. कीर्तनास बसलेल्या मंडळींत रावण मरतो कीं राम, अशी शंका कोणासच नसते. परंतु हीच हौस अमेरिकेंतील माणसांनाहि असेल, आणि तीहि आकाशांतील लढायांच्या बोलपटाविषयीं असेल, अशी माझी कल्पना नव्हती. २०१६ सालच्या डिसेंबरांत मी न्यू जर्सींत मुलीकडे होतों. नऊ वर्षांच्या नातवानें, “आजोबा, तुम्हीं आलेंच पाहिजे,” असा हट्ट धरला, आणि ‘रोग वन’ नांवाच्या चित्रपटाच्या पहिल्याच शनिवारच्या खेळाला मी त्याच्याबरोबर जाऊन रांगेंत उभा राहिलों. पुढें पांढऱ्या चिलखतांतील दोन शिपाई, मागें कमरेला प्रकाशाची तरवार लटकावलेले एक पोक्त गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारीं अंगांत तपकिरी झगा चढवलेल्या एक आजीबाई! माझ्या साध्या लोकरी मफलराची मला लाज वाटूं लागली.

ज्या वाचकांस हें प्रकरण अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. जॉर्ज लूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ १९७७ सालीं निघाला. त्याच्या आरंभीं पडद्यावरून कांहीं ओळी वर सरकत जातात. बंडखोरांच्या हेरांनीं साम्राज्याच्या एका प्रलयंकर शस्त्राचे गुप्त नकाशे पळविले, एवढें एक वाक्य त्यांत आहे. ते हेर कोण, पुढें त्यांचें काय झालें, याविषयीं अक्षर नाहीं. दृश्यचमत्कारांचे जाणते कारागीर जॉन नोल यांना या एका वाक्यांत स्वतंत्र गोष्ट दडलेली दिसली, आणि गॅरेथ एडवर्ड्स यांनीं ती पडद्यावर आणली. महाभारताला जशीं उपाख्यानें फुटतात, तसेंच हें. नकाशे मिळणार हें प्रत्येकास ठाऊक. मिळविणारे मूळ कथेंत कोठेंच दिसत नाहींत, तेव्हां त्यांची गति काय होणार हेंहि चाणाक्षानें ओळखावें. जिन, कॅसियन, आंधळा चिरट, त्याचा सोबती, वैमानिक, फार काय पण बरोबरचा यंत्रमानवहि, सारे मरतात. अशा या शोकांतिकेनें जगभर एक अब्ज डॉलरांहून अधिक गल्ला जमविला.

खेळ चालू असतां मीं पडद्याइतकेंच प्रेक्षकांकडे लक्ष दिलें. जुने भक्त एका गोष्टीवर विशेष खूष झालेले दिसले. मूळ चित्रपटांत चंद्राएवढा तो किल्ला अवघ्या दोन मीटर रुंदीच्या एका भोंकांतून उडविला जातो. एवढें अवाढव्य यंत्र बांधणाऱ्यांनीं असें भोंक ठेवलेंच कसें, अशी थट्टा एकूणचाळीस वर्षें चालली होती. ‘रोग वन’नें तिला उत्तर दिलें. जिनच्या वडिलांस साम्राज्यानें जबरदस्तीनें कामाला जुंपलें होतें, आणि त्यांनीं तो दोष मुद्दाम राखून ठेवला होता. वकिली बुद्धीच्या माणसांचें यानें फार समाधान होतें. मला मात्र दुसरीच गोष्ट अधिक भावली. १९७७ च्या चित्रपटासाठीं चित्रित होऊन न वापरतां पडून राहिलेल्या फितींतील दोन वैमानिक या चित्रपटांत अकस्मात् पडद्यावर आले, आणि माझ्या मागच्या त्या गृहस्थांनीं, एखादा जुना शेजारी स्टेशनवर भेटावा तसा हर्षाचा उद्गार काढला.

चित्रपटावर आक्षेप नव्हते असें नाहीं. पूर्वार्ध या ग्रहावरून त्या ग्रहावर नुसता धांवतो, पात्रांची ओळख पुरती होत नाहीं, जाहिरातीच्या तुकड्यांत दाखविलेलीं कित्येक दृश्यें प्रत्यक्षांत नाहींतच, या तक्रारी पुष्कळांनीं केल्या, आणि त्या खोट्याहि नव्हत्या. पण माझी तक्रार निराळी आहे. जिन आणि कॅसियन समुद्रकांठीं एकमेकांस बिलगून मरतात, तेव्हां नाट्यगृहांत श्वास ऐकूं येईल अशी शांतता होती. त्यानंतर कांहीं मिनिटांतच काळोखी बोळांत डार्थ व्हेडरची तांबडी तरवार पेटली, आणि तींच माणसें आरोळ्या ठोकून त्याला टाळ्या देऊं लागलीं. तो कापीत होता कोणाला? जिनच्याच बाजूच्या शिपायांना! अडकलेल्या दाराच्या फटींतून नकाशांची तबकडी पलीकडे देणारा एक शिपाई त्या बोळांत आहे. आमचा नातू टाळ्या वाजवीत नव्हता. त्यानें माझी बाही ओढून विचारलें, “आजोबा, त्याचें नांव काय?”

चित्रपटांत तें कोणी उच्चारीत नाहीं. निनांवी माणसांची म्हणून सांगितलेली गोष्ट, आणि तिच्याहि शेवटीं आणखी निनांवी माणसें!

घरीं जातांना गाडींत त्याला म्हटलें, “हें बाजीप्रभूसारखेंच झालें.” पन्हाळ्याहून विशाळगडास जातांना १६६० सालीं बाजीप्रभूंनीं खिंड कशी रोखून धरली, हें त्यानें माझ्याकडून अनेकदां ऐकलें होतें. तो म्हणाला, “पण त्यांचें नांव आहे ना! त्यांच्याबरोबर जे मेले त्यांचीं सांगा.” फुलाजीपलीकडे मला एकहि नांव सांगतां आलें नाहीं. ती गोष्ट मी चाळीस वर्षें सांगत आलों आहें, आणि हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता.

त्याच सुमारास एका मेक्सिकन घराण्यांतील मुलीची हकीकत प्रसिद्ध झाली. ती वडिलांस ‘रोग वन’ दाखवावयास घेऊन गेली. कॅसियनचें काम करणारा डिएगो लूना मेक्सिकोचा, आणि त्याच्या इंग्रजीवर मायबोलीचा ठसा तसाच आहे. वडिलांचेंहि बोलणें तसेंच. बाहेर आल्यावर त्यांनीं विचारलें कीं, या नटानें आपले उच्चार बदलले कां नाहींत? मुलगी म्हणाली, आपल्या उच्चारांचा त्याला अभिमान आहे म्हणून. हें वाचून लूना स्वतः गहिंवरला, आणि ती हकीकत त्यानें सर्वांपुढें ठेवली. अमेरिकेंत पंधरा वर्षें राहूनहि फोनवर आपलें नांव तीनदां सांगावें लागणाऱ्या माझ्या मुलीनें ती मला मोठ्यानें वाचून दाखविली.

आमच्या घरांतला खरा वाद मात्र मेलेल्यांविषयीं झाला. मूळ चित्रपटांत टार्किन या अधिकाऱ्याचें काम पीटर कुशिंग यांनीं केलें होतें. ते १९९४ सालीं वारले. ‘रोग वन’मध्यें गाय हेन्री या नटानें अभिनय केला, आणि त्याच्या चेहऱ्यावर संगणकानें कुशिंग यांचा चेहरा चढविला. कुशिंग यांच्या वारसदारांची संमति होती, हें नमूद केलें पाहिजे. चाहत्यांत तट पडले. कित्येकांस तो चमत्कार वाटला, कित्येकांस मेणाचा पुतळा. आमचे जांवई दुसऱ्या पक्षाचे. मुलीला तो नट हयात नाहीं हेंच ठाऊक नव्हतें, आणि कळल्यावर ती जांवयांहूनहि अधिक अस्वस्थ झाली. चित्रपटाच्या अगदीं शेवटीं राजकन्या लेया येते, तीहि तशीच, १९७७ सालच्या तरुण चेहऱ्याची. तिला पाहून जांवई चक्क हंसले होते.

२७ डिसेंबरला कॅरी फिशर गेल्या. वय अवघें साठ. दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या मातोश्री, नटी डेबी रेनल्ड्स, यांचेंहि निधन झालें. वर्षाखेरीस आम्ही तोच चित्रपट पुन्हां पाहावयास गेलों. या वेळीं वेषधारी कोणी नव्हते. शेवटीं लेया वळली, नकाशे हातीं घेऊन ‘आशा’ हा एक शब्द बोलली, आणि नाट्यगृहांत कोणी हललें नाहीं. चेहरा तोच, चौदा दिवसांपूर्वींचा. जांवयांनीं चष्मा काढून पुसला. तो बनावट चेहरा आतां खरा झाला होता असें मी म्हणणार नाहीं. पण त्याला हंसण्याची कोणाची छाती नव्हती.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. एका चित्रपटानें ज्यांना नांव नाहीं त्यांना खुशाल मरूं दिलें, आणि ज्यांना नांव आहे त्यांना मेल्यावरहि सुटूं दिलें नाहीं, हें कांहीं केल्या मनांतून जाईना. २०१७ च्या जानेवारींत निर्मात्या संस्थेनें, फिशर यांची अशी प्रतिकृति पुन्हां बनविण्याचा विचार नाहीं, असें जाहीर केलें. २०१९ च्या चित्रपटांत त्यांची जुनी उरलेली चित्रणें वापरण्यांत आलीं. मला तें बरें वाटलें. उरलेल्या फितींतल्या त्या दोन वैमानिकांविरुद्ध कोणीच तक्रार केली नव्हती, हें येथें आठवतें.

आणि चाहत्यांनीं आपल्या परीनें काय केलें तें पाहा. लॉस एंजेलिसला हॉलिवुडच्या पदपथावर नामांकित नटनटींच्या नांवांचे तारे बसविलेले आहेत. फिशर यांचा तारा तेथें नव्हता. तेव्हां लोकांनीं एक कोरा तारा शोधला, त्यावर त्यांच्या नांवाचीं अक्षरें चिकटविलीं, आणि भोंवतीं फुलें व मेणबत्त्या ठेविल्या. अधिकृत तारा मिळावयास ४ मे २०२३ उजाडला.

२०१८ सालीं ‘सोलो’ हें दुसरें उपाख्यान निघालें. त्याला चाळीस कोटि डॉलरहि मिळाले नाहींत. ज्याला सगळे ओळखत होते त्याचीच बालपणापासूनची माहिती ऐकण्याची कोणास फारशी गरज वाटली नसावी. उलट कॅसियनच्या पूर्वायुष्यावरील ‘अँडोर’ ही मालिका २०२२ सालीं सुरू झाली, आणि २०२५ च्या मे महिन्यांत ‘रोग वन’ जेथें आरंभ होतो तेथें येऊन संपली. त्या रात्रीं नातवाचा फोन आला. आतां तो अठरा वर्षांचा आहे, आणि आवाज त्याच्या बापासारखा झाला आहे. “आजोबा, आतां जुना लावूं या,” तो म्हणाला. त्यानें तिकडे, मीं इकडे, एकाच वेळीं १९७७ चा चित्रपट लावला. ओळी वर सरकूं लागल्या. हेरांच्या वाक्यापाशीं त्यानें चित्र थांबविलें, मींहि थांबविलें. तें वाक्य त्यानें सावकाश वाचून दाखविलें, आणि पुन्हां चालू करण्यापूर्वीं विचारलें, “खिंडींतलीं आणखी कांहीं नांवें सांपडलीं का?”